यादीत नसलेल्या देशाचा झेंडा

गनीभाई सारंगांच्या अंगणात दोन काठ्या होत्या. मागच्या पडवीजवळची बावीस फुटांची आणि पुढच्या फाटकाजवळची सोळा फुटांची. दोन्ही मी स्वतः टेप लावून मोजल्या आहेत. हौस म्हणून नव्हे. पोलीस पाटलांनी ग्रामपंचायतीला लेखी विचारणा केली होती आणि उत्तर तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चोवीस वर्षं माझ्या अक्षरात आहेत. गनीभाईंच्या मृत्यूची नोंदही मीच केली, त्याला आता एक वर्ष चार महिने झाले. त्या नोंदीत नाव, वय अठ्ठ्याहत्तर आणि धंदा ‘निवृत्त खलाशी’ एवढं मावलं. जे मावलं नाही त्यातलं थोडं इथं लिहितो. ते सगळं मला समजलं आहे असं नाही. लिहायला बसलो की गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे. माझ्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक चिऱ्याची भिंत. सारंग म्हणजे जहाजावरच्या डेकच्या खलाशांचा मुकादम. दोर, रंग, नांगर आणि झेंडे हे त्याच्या ताब्यातलं खातं. बत्तीस वर्षं गनीभाईंनी ते सांभाळलं आणि निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ते खातं सोबत घेऊन आले. मागच्या काठीवर रोज सूर्योदयाला आपला तिरंगा चढायचा आणि सूर्यास्ताला उतरायचा. पुढच्या काठीला एक आडवी दांडी होती. तिच्या उजव्या टोकाला एरवी काही नसायचं. पाहुणा आला की त्याच्या देशाचा झेंडा लागायचा.

पोलीस पाटील दिनकरराव चौकशीला आले तेव्हा मी टेप धरून तिथंच होतो.

“चाचा, ह्यो कुठला झेंडा?”

“ओमानचा. हमीदची पोरं सुटीवर आलीत. दोन तास लावतो, मग काढतो.”

“पण ती पोरं आपलीच ना? समोरच्या आळीतली!”

“पासपोर्ट आपला, पोट तिकडचं. पोटाला सलाम नको करायला?”

“हा कुठला कायदा?”

“कायदा न्हाय, रिवाज. बोट दुसऱ्याच्या बंदरात शिरली की त्याचा झेंडा उजवीकडं चढवायचा. आपला मागं, त्याचा पुढं. म्हणजे काय, तर बाबा, तू हायस हे आमी मानतो.”

इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, “गनीभाई, पण इथं उलटं आहे. बोट तुमची नाही, ती पोरं तुमच्या बंदरात आली आहेत. म्हणजे झेंडा त्यांनी लावायचा.”

“त्यांनी लावला न्हाय म्हणून मी लावू नको, भाऊ?”

दिनकरराव हसले आणि चहा घेऊन गेले. मी उत्तरात दोन्ही काठ्यांची उंची लिहिली, राष्ट्रध्वज मानाच्या जागी आणि अधिक उंच आहे असं लिहिलं आणि ‘सबब हरकत दिसत नाही’ असा शेवट केला. तो बरोबर होता की नाही ते मला आजही माहीत नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही.

गनीभाई म्हणजे माणूस बुटका, हाडापेरानं मजबूत, दाढी बारीक कापलेली. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. ‘ती एका दोरानं नेली’ एवढंच सांगायचे. चालताना पाय फाकवून चालायचे, जणू अंगण हलतंय. माझ्या फाटकाशी आले की आत पाऊल टाकायचे नाहीत. बाहेर उभं राहून “येऊ का, भाऊ?” असं विचारायचे. मी “या” म्हटल्यावरच यायचे. अकरा वर्षं रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे आणि अकरा वर्षं रोज विचारायचे. माझी बायको म्हणायची, “चाचा, आता तरी थेट या की आत.” ते म्हणायचे, “रोज विचारलं तर घर तुझं ऱ्हातं, बाय.”

वर्तमानपत्रात ते फक्त जगाचं पान वाचायचे. कुठल्या तरी बेटावरून दोन देश भांडतायत, कुठे सरहद्द सरकली, असल्या बातम्या बोट ठेवून. मी एकदा विचारलं, एवढे देश पाहिलेत, तर देश म्हणजे नेमकं काय, कसं ओळखायचं?

“सोपं हाय. बोट बंदराबाहेर उभी ऱ्हाते. चार माणसं शिडीनं वर चढतात. एक वाट दाखवणारा पायलट. दुसरा डॉक्टर, आजार हाय का बघायला. तिसरा कस्टमवाला. चौथा शिक्का मारणारा. ही चार माणसं ज्याची, देश त्याचा.”

“आणि उद्या कुणी बंदूक घेऊन दुसऱ्याच्या बंदरात घुसला आणि स्वतःची चार माणसं पाठवली तर?”

त्यांनी बराच वेळ वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली. मग म्हणाले, “तसं पण बघितलंय. एका बंदरात तीन फेऱ्यांत तीन झेंडे चढवले मी. गोदी तीच, क्रेन तीच, क्रेनवर बसलेला म्हातारा तोच. त्याला मी खालून हातानं विचारलं, काय रे हे? त्यानं पण हातानंच सांगितलं, मला काय ठाऊक!”

माझी शंका तशीच राहिली. श्रीवर्धनच्या वाचनालयात कायद्याच्या परीक्षेचं एक जुनं मार्गदर्शक मिळालं, त्यात पाहिलं. देशाला चार गोष्टी लागतात असं तिथंही होतं: कायम राहणारी माणसं, ठरावीक भूमी, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करायची ताकद. गनीभाईंचे चार आणि पुस्तकातले चार जुळवून पाहिले. काही जुळतात, काही नाही. पुढच्याच पानावर लिहिलं होतं की एक पक्ष म्हणतो, इतरांनी मान्यता दिली की देश होतो. दुसरा म्हणतो, देश आधीच असतो, मान्यता म्हणजे फक्त तशी कबुली. दोन्ही पक्षांत मोठी माणसं होती. मी पुस्तक परत केलं.

आता भिंतीचं सांगतो, कारण पुढे ते कामाला आलं. मागे माझ्या जागेची सरकारी मोजणी झाली. मोजणीदारानं खुणा केल्या तेव्हा कळलं की माझ्या वडिलांनी बांधलेली भिंत एका टोकाला बरोबर अकरा इंच गनीभाईंच्या हद्दीत आहे. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि भिंत पाडून मागे घेतो म्हणून सांगितलं.

“मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “माझा बाप सांगून गेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो न्हाय म्हणून आता ती जागा तुमची झाली असं वकील म्हणतात ना?”

“म्हणतात. पण मला ती नको.”

“आन मला तुमची भिंत पडलेली नको. कुंपण नसलं की शेजारी भांडतात.”

तीन दिवस हे चाललं. मी माझ्या मताला चिकटलो, ते त्यांच्या. शेवटी त्यांनी मला कागद काढायला सांगितला आणि मजकूर तोंडी सांगितला: भिंत आहे तिथं राहील, जागा मोजणीप्रमाणे गनीभाईंची राहील, या कागदानं कुणाचा हक्क वाढत नाही आणि कुणाचा घटत नाही. असलं वाक्य कुठून आलं विचारलं तर म्हणाले, दोन कंपन्यांच्या बोटी एकमेकींना घासल्या की कप्तान असंच लिहून देतात. भांडण नंतर होतं, बोटी आधी सुटतात. दोघांनी सह्या केल्या. अकरा इंच कोणाचे, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही, पण भिंत उभी आहे.

त्यांच्याकडे एक कॅनव्हासची पिशवी होती. तीत त्रेचाळीस झेंडे. प्रत्येकाच्या कडेला दोर शिवलेला आणि दोराच्या वरच्या टोकाला लाकडी गुटका. तो गुटका काठीच्या दोराच्या फासात अडकवायचा, म्हणजे झेंडा वर जातो. गुटका जिकडे तिकडची बाजू वर, त्यामुळे घाईतही चूक होत नाही. त्रेचाळीसपैकी बेचाळीस बाजारातले. त्रेचाळिसावा त्यांनी हातानं शिवलेला.

तो ज्या प्रदेशाचा आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. कुटुंबाचे आणखी काही कागद अजून चालू आहेत. एवढं सांगतो की तो अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे. पूर्वी तो बाजूच्या मोठ्या देशाचा भाग होता, लढाई होऊन वेगळा झाला आणि तिथं आता स्वतःचं सरकार, नाणं, पोलीस, सगळं आहे. आपण त्याला देश म्हणून मान्यता दिलेली नाही. मी आपला ‘छोटा’ आणि ‘मोठा’ म्हणतो. हे म्हणणंसुद्धा कुणाला एका बाजूचं वाटेल, पण मला दुसरं सुचत नाही.

गनीभाईंची बोट तिथं सिमेंट घेऊन गेली तेव्हा कंपनीचा निरोप होता, मोठ्याचा झेंडा लावा. यादीत तोच होता. गनीभाईंनी तो चढवला. पायलटची होडी आली, पायलटनं वर पाहिलं आणि होडी उलटी फिरवली. जाताना ओरडून विचारलं की ज्यांनी माझं घर तोफेनं पाडलं त्यांचा झेंडा लावून माझ्या बंदरात येताय? बोट बाहेर दोन दिवस उभी. कप्तान कंपनीला विचारतोय, कंपनी वकिलाला विचारतेय. तिसऱ्या दिवशी गनीभाई कप्तानाकडे गेले आणि म्हणाले, साहेब, तुम्ही काही हुकूम देऊ नका, फक्त सकाळी आठपर्यंत वर बघू नका.

“दुर्बिणीतनं त्यांचा किनाऱ्यावरचा झेंडा बघून घेतला. जुन्या छत्रीचं काळं काढलं. मधे पिवळं पाहिजे होतं, तर बोटीवर आजार हाय का न्हाय ते सांगायचा पिवळा झेंडा असतो, त्याचं घेतलं. हिरवा मेसचा पडदा होता. मेसवाला आजून शिव्या देत असंल.” मग आवाज खाली आणून म्हणायचे, “पायलट वर आला ना भाऊ, तर त्यानं कप्तानाचा हात न्हाय धरला. माझा धरला.”

परत आल्यावर कंपनीनं तो झेंडा टाकून द्यायला सांगितलं. तो पिशवीत राहिला.

पुढे वीस-एक वर्षांनी त्यांचा मुलगा सलीम दुबईची नोकरी सोडून त्याच बंदरात एका शीतगृहावर इंजिनिअर म्हणून गेला. गनीभाईंनी पाठवलं नव्हतं, योगायोग होता, असं ते म्हणायचे. तिथंच त्यानं सफियाशी लग्न केलं आणि त्यांना मुलगी झाली, मरियम. गनीभाईंची बायको आधीच वारली होती, दुसरं मूल नाही. त्यामुळे मरियम ही एकुलती नात, आणि ती दिसायची फोनवर, रोज दुपारी साडेतीनला, सहा इंचांच्या पडद्यात.

तिला घरी आणायचं होतं. गनीभाईंच्या छातीचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता, तेव्हा ते जाऊ शकत नव्हते, तिलाच यावं लागणार होतं. बाप भारतीय, तेव्हा मुलगी भारतीय. पण परदेशात जन्मलेल्या मुलाची आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत नोंद करावी लागते. छोट्यात आपली वकिलात नाही. दुसऱ्या देशातल्या वकिलातीकडे सलीमनं अर्ज केला. त्यांनी कळवलं की सोबतचा जन्मदाखला आम्ही मान्यता न दिलेल्या प्रशासनाचा आहे. मोठ्या देशाचा दाखला आणावा. मोठा देश म्हणाला, आमच्या दप्तरात असा जन्म नाही. कसा असेल? त्या बंदरात त्यांचा एकही कारकून नव्हता. वर्ष निघून गेलं.

मुलगी होती. वजन, उंची, लसी, सगळं माझ्या डायरीत आहे, कारण गनीभाई मला रोज सांगायचे. फक्त ती कागदावर कुठेही जन्मली नव्हती.

एकदा दिनकरराव पंचायतीत येऊन बसले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, वही तुमची, पेन तुमचं. घरी जन्म झाला, नोंद उशिरा आली, लिहून टाका. म्हाताऱ्याची दशा बघवत न्हाय.”

मी चोवीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिलेली नाही. पण त्या दिवशी मी वही उघडली होती, हे लपवत नाही. एवढंच केलं की आधी गनीभाईंना बोलावलं. ते दारात उभे राहिले.

“येऊ का?”

“या. ऐका, असं असं करता येईल.”

त्यांनी वहीकडे पाहिलं. “मग ती तिथं जन्मलीच न्हाय असं होणार?”

“कागदावर.”

“तिच्या आईनं तिथं जीव धरून जन्म दिला, तो पण न्हाय?” मग ते म्हणाले, “बंद करा ती, भाऊ. तुमचं पण नाव खराब होईल.”

मी वही बंद केली. सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. दोन्हीतलं जास्त काय होतं ते कळलं नाही. पुस्तकातले ते दोन पक्ष मात्र मला त्या दिवशी पुन्हा आठवले. मूल जन्मतं ते मी लिहितो म्हणून नाही; मी एकवीस दिवसांत फक्त नोंद करतो. पण नोंद नसेल तर त्या मुलाला शाळा नाही, पासपोर्ट नाही, आजोबा नाही. म्हणजे कोणता पक्ष खरा?

मग माझी चूक झाली. उशिराच्या नोंदीसाठी खास परवानगीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. सलीमनं तिकडून सांगितलं, काका, इथं नेट टिकत नाही, तुम्ही भरा. मी पंचायतीतल्या संगणकावर तीन तास बसून भरला. सतरा जोडपत्रं, प्रत्येक पान तपासलेलं. ‘जन्माचा देश’ या रकान्यात टंकता येत नव्हतं, यादीतून निवडायचं. यादीत छोटा नव्हता. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जाईना. मी मोठा निवडला. मला वाटलं, हा नुसता यंत्राचा हट्ट आहे, सोबतचा दाखला ते वाचतीलच.

सात महिन्यांनी उत्तर आलं. अर्जात एक देश आणि दाखल्यावर दुसरा, माहिती विसंगत, अर्ज नामंजूर. सात महिने माझ्या एका बोटानं घालवले. मी ते पत्र घेऊन भिंतीपलीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. गनीभाई पडवीत दोराला गाठ मारत बसले होते. गाठ पूर्ण केली.

“भाऊ, कंपनीची यादी वापरलीत तुमी.”

एवढंच.

मरियम तीन वर्षांची झाली. फोनवर ती आता त्यांना “सारंग” म्हणायची, सफियानं शिकवलेलं. गनीभाई दोन पावलं चालले की थांबायचे.

अलिबागच्या एका वकीलबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं की हॉलंडमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पूर्वी एका आफ्रिकी प्रदेशाच्या बाबतीत म्हटलेलं आहे की सत्तेला मान्यता नसली तरी तिथल्या जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या नोंदी झिडकारू नयेत, कारण त्याचा त्रास सत्तेला नाही, माणसांना होतो. मी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. माझ्या वहीबद्दल इतक्या लांब कुणी इतका विचार केला असेल असं मला वाटलं नव्हतं. पण बाई म्हणाल्या, ते तिथल्या वेगळ्या परिस्थितीत म्हटलेलं आहे, आपल्याकडे बांधील असेलच असं नाही. नव्या अर्जाला आजोबांचं प्रतिज्ञापत्र जोडा, कुटुंब, नातं, जन्म कुठे झाला. आणि देशाच्या जागी मोठ्याचं नाव लिहा, म्हणजे अडणार नाही. त्यांनी तसा मसुदाच टाइप करून दिला.

गनीभाईंनी मसुदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

फोनवर सलीम चालू होता. “बाबा, एक नाव हाय! लिव आन मोकळा हो!”

“न्हाय लिवणार.”

“तुला नात पायजे का झेंडा पायजे?”

“दोनी.”

“सफिया स्वतः सांगते, काय पण लिवा म्हणून!”

“ती सांगणारच. दर काउंटरवर तिला तेच नाव सांगावं लागतं. तिच्या बापाला कुणाच्या तोफेनं मारलं? आता माझ्या घरातनं पण तिनं तेच ऐकायचं?”

सलीमनं फोन ठेवला. खुर्चीत बसलेल्या माणसाला इतका दम लागलेला मी पाहिला नव्हता. माझी बायको पाणी घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “अहो, समजवा त्यांना. पोर बघायच्या आधी जातील ते.” तिचं बरोबर होतं. त्यांचंही बरोबर होतं. मी भिंतीकडे बघत बसलो, आणि भिंतीकडे बघता बघता मला तो कागद आठवला.

मी विचारलं, “गनीभाई, ते बंदर नकाशावर कुठे आहे, हे तरी कुणी नाकारत नाही ना?”

“कसं नाकारतील? बोटी बुडतील.”

“मग देश नको लिहूया. शहराचं नाव, इस्पितळाचं नाव, आणि अक्षांश-रेखांश.”

ते खुर्चीतून उठले. मग आत गेले आणि जुनी वही घेऊन आले. अंश आणि मिनिटं त्यांनी पेन्सिलनं लिहून दिली, मी ती मोबाइलवर तपासली. इस्पितळ बंदरापासून थोडं आत होतं, म्हणून एक मिनिट बदललं. खाली मी भिंतीच्या कागदातलं वाक्य घातलं: या लिखाणानं त्या भूमीवरचा कुणाचा हक्क वाढत नाही आणि कुणाचा घटत नाही. वकीलबाईंनी ते कायद्याच्या भाषेत बसवलं आणि न्यायालयाचं वाक्यही जोडलं. गनीभाईंनी सही केली. सही करताना टोपी घातली.

पाच महिन्यांनी परवानगी आली. मरियमच्या पासपोर्टवर जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त शहराचं नाव छापलं होतं. देश नाही. असं चालतं का हे मी तीन ठिकाणी विचारलं. तीन उत्तरं मिळाली. अक्षांशानं काम झालं, त्या न्यायालयाच्या वाक्यानं झालं, की कुणा अधिकाऱ्याला लहान मूल होतं म्हणून झालं, हे कळायला मार्ग नाही. पत्रात कारण दिलेलं नव्हतं.

सलीम, सफिया आणि मरियम येणार ठरलं तेव्हा गनीभाईंचा हट्ट, की पोर समुद्रानं आली पाहिजे. मी अंतरं काढून दाखवली: मुंबईहून सरळ रस्त्यानं आलं तर गाडी बदलावी लागत नाही, मांडव्याला उतरून अलिबाग, मुरुडवरून यायचं तर उलट जास्त वेळ. ऐकलं नाही. गेटवेवरून कॅटामरान बोट, मांडव्याहून गाडी.

गाडी दुपारी चारनंतर पोचणार होती. आम्ही तिघं फाटकाशी: ते, मी आणि माझी बायको. मला दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघायचं होतं, बॅगा भरायच्या होत्या, तरी थांबलो. साडेतीनला, म्हणजे फोनच्या वेळेला, गनीभाईंनी पिशवी उघडून त्रेचाळिसावा झेंडा काढला. त्याची दोराची कड मागे उंदरांनी खाल्ली होती, ती त्यांनी त्या आठवड्यात नवी शिवली होती, नव्या गुटक्यासकट. मी विचारलं, मरियम तर आता भारतीय, तिला पाहुण्याचा झेंडा कशाला?

“तिला न्हाय. तिच्या आईला.”

सफिया मोठ्या देशाच्या पासपोर्टवर येत होती. तिच्याकडे व्हिसा मिळेल असा तेवढाच होता. गनीभाईंनी झेंडा स्वतः चढवला, मला हात लावू दिला नाही. दर दोन हातांनी थांबून दम घेतला. वर टोकाला पोचल्यावर वाऱ्यानं उलगडला. वर काळा, मध्ये पिवळा, खाली हिरवा. मी इतकी वर्षं त्याच्याबद्दल ऐकत होतो. उभारलेला पहिल्यांदा पाहिला.

गाडी आली. सलीम मागे सामान काढू लागला. सफिया मरियमला कडेवर घेऊन फाटकाशी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. तिनं वर पाहिलं. गनीभाई टोपी घालून काठीजवळ ताठ उभे होते. तिचा चेहरा बदलला, पण कसा ते मला सांगता येत नाही. आधी वाटलं रडतेय, मग वाटलं हसू दाबतेय. तिनं मोकळा हात वर केला आणि तळवा हवेत हळूच पालथा केला.

गनीभाईंना कळलं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला. गुटका चुकीच्या टोकाला शिवला गेला होता. झेंडा उलटा होता.

बत्तीस वर्षांत त्यांचा एकही झेंडा उलटा चढला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही देशाचा असता तर मीच पंचायतीतल्या तक्त्यावर बघून आधी सांगितलं असतं. हा तक्त्यावर नव्हता. आख्ख्या गावात तो सुलटा कसा हे सांगू शकेल असं माणूस आत्ताच गाडीतून उतरलं होतं.

माझ्या मनात माझ्या त्या अर्जाचं आलं.

त्यांनी झेंडा खाली घेतला, हातावर हात, घाई न करता. गुटका खालच्या फासात अडकवला, दुसरं टोक वर घेतलं आणि पुन्हा चढवायला लागले. अर्ध्यावर दम संपला. तेव्हा सफिया आत आली, पोरीला माझ्या बायकोकडे दिलं आणि दोर हातात घेतला. त्यांनी सोडला नाही, तिनंही ओढून घेतला नाही. दोघांनी मिळून वर नेला. हिरवा वर आला.

“आता?” त्यांनी मराठीतच विचारलं.

तिला शब्द कळला नसेल. तिनं मान हलवली.

मी तिथून निघालो, बॅगा राहिल्या होत्या. भिंतीपलीकडून पाहिलं तेव्हा मरियम खाली उतरून त्यांच्या अर्ध्या करंगळीकडे बघत होती आणि ते तिला विचारत होते, “येऊ का?” पहाटे अंधारातच आम्ही पुण्याला गेलो. सतराव्या दिवशी सलीमचा फोन आला. परत आलो तेव्हा त्यानं दिलेली मृत्यूची वर्दी टेबलावर होती. मी वही उघडून नोंद केली. पुढच्या काठीवरच्या दांडीच्या उजव्या टोकाला तेव्हा काही नव्हतं.